आलेख सरकतो की अक्ष? फलांच्या आलेखांमागची पार्श्वभूमी

अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेल्या कोल्हापुरातल्या मुलामुलींना पहिल्या काही महिन्यांतच एक शंका हमखास येते. य = क्ष² या समीकरणाचा, म्हणजेच या फलाचा (फंक्शनचा), आलेख त्यांना काढता येतो; तो आरंभबिंदूवर टेकलेला अन्वस्त (पॅराबोला) असतो. त्याच समीकरणात क्षच्या जागी (क्ष − ३) लिहिले की आलेख जसाच्या तसा तीन एकके उजवीकडे जातो. वजाबाकी केली असताना तो डावीकडे का जात नाही, असे कोणी विचारले तर ‘कंसातले चिन्ह उलटे चालते’ हा नियम सांगितला जातो, तो पाठ होतो आणि परीक्षेपुरते भागते. वास्तविक या शंकेचे मूळ विद्यार्थ्याच्या कच्चेपणात नसून विषयाच्या इतिहासात आहे. वक्र जागेवर ठेवून अक्ष हलवायचे, ही एक परंपरा. अक्ष जागेवर ठेवून वक्र हलवायचा, ही दुसरी. पहिली जुनी आणि भूमितीतून आलेली, तर दुसरी शाळा-कॉलेजांत बरीच उशिरा रुळलेली. आपल्या अभ्यासक्रमात दोन्ही आहेत. पण त्यांचे परस्परांशी नाते काय, हे विद्यार्थ्यापर्यंत फारसे पोहोचत नाही.

बदलणारी राशी चित्राने दाखवण्याची कल्पना समीकरणांपेक्षा जुनी आहे. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने काळ आडव्या रेषेवर आणि त्या त्या क्षणीचा वेग त्या रेषेवर उभ्या केलेल्या उंचीने दाखवला. वेग सारख्या प्रमाणात वाढत असेल तर या उंचींची टोके सरळ रेषेत येतात आणि त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे त्याने ओळखले होते. मात्र त्याच्याजवळ अक्षरांत लिहिलेले समीकरण नव्हते. चित्र होते, सूत्र नव्हते. त्यामुळे सूत्रात बदल केला तर चित्राचे काय होईल, हा प्रश्नच त्या काळी संभवत नव्हता.

चित्र आणि सूत्र यांची गाठ सतराव्या शतकात पडली. रेने देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिएर द फर्माने त्याच दशकात स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता, परंतु त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये छापले गेले. देकार्त वक्रापासून समीकरणाकडे जातो. फर्मा दोन अज्ञात राशींच्या समीकरणापासून सुरुवात करून त्यातून कोणता वक्र उमटतो हे पाहतो. आज नववी-दहावीच्या वर्गात आपण जे करतो ते फर्माच्या वाटेने जाणारे आहे. तरीही दोघांच्याही आकृतीत आजच्यासारखे एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्ष आणि चार चरण नेमाने दिसत नाहीत. एक आधाररेषा आणि तिच्याशी ठरावीक कोन करणाऱ्या रेषा, एवढ्यावर त्यांचे काम चाले. ऋण निर्देशकांना तेथे सहज प्रवेश नव्हता.

तो प्रवेश न्यूटनने मोकळेपणाने दिला. तृतीय घाताच्या वक्रांवरील त्याचा प्रबंध १७०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाला जोडून प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही अक्षांचा आणि धन-ऋण दोन्ही बाजूंचा वापर करून त्याने या वक्रांचे ७२ प्रकार वर्णिले. सहा प्रकार त्याच्या नजरेतून सुटले, ही गोष्ट निराळी. येथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे त्याची पद्धत. लांबलचक समीकरणापुढे न अडखळता त्याने अक्षांची निवड अशी बदलली की सगळी समीकरणे चार साध्या रूपांत येऊन बसली. आलेखांचे रूपांतरण जन्माला आले ते या गरजेतून: वक्र तोच, पण त्याच्याकडे कोठे उभे राहून पाहिले असता त्याचे समीकरण सर्वांत सोपे दिसेल?

हेच लहान प्रमाणावर पाहायचे तर य = क्ष² − ६क्ष + ११ हे उदाहरण घ्यावे. दहावीत शिकवलेल्या पूर्ण वर्ग पद्धतीने ते य = (क्ष − ३)² + २ असे लिहिता येते. आता आरंभबिंदू (३, २) या ठिकाणी नेला, म्हणजेच क्ष − ३ ला क्ष′ आणि य − २ ला य′ म्हटले, की उरते ते य′ = क्ष′². अन्वस्त कोठेही हललेला नाही. तो पहिल्यापासून तेथेच होता. आपण त्याच्या शिरोबिंदूपाशी जाऊन उभे राहिलो, इतकेच. वर्ग पूर्ण करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात उद्धृत केली आहे. ती रीत समीकरणाचे मूळ काढण्यासाठी होती. त्याच कृतीत अक्ष उचलून शिरोबिंदूवर नेण्याचा अर्थ दडलेला आहे, हे दिसण्यासाठी आलेखाची वाट पाहावी लागली.

१७४८ मध्ये ऑयलरचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि फल ही कल्पना गणिताच्या मध्यभागी आली. पहिल्या खंडात फलांचा विचार आहे, तर दुसऱ्या खंडात वक्रांचा; आणि या दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच निर्देशक बदलण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अक्ष सरकवणे, फिरवणे आणि त्यामुळे समीकरणात होणारे बदल मांडणे, हा पुढे दीडशे-दोनशे वर्षे निर्देशक भूमितीच्या पाठ्यपुस्तकांचा ठरलेला भाग राहिला. भारतातल्या कॉलेजांत अनेक पिढ्यांनी वापरलेल्या, १८९५ मधल्या एस. एल. लोनी या इंग्रज लेखकाच्या पुस्तकातही निर्देशकांचे रूपांतरण याच दृष्टीने येते. अक्ष हलतात, वक्र स्थिर.

वक्र खरोखरच हलला तो एका निराळ्या प्रश्नात. ताणलेली तार छेडली असता तिचा आकार क्षणाक्षणाला कसा बदलतो, याचे समीकरण द’आलंबेर याने १७४७ मध्ये सोडवले. त्याच्या उत्तराचा गाभा असा की तारेवरील प्रत्येक आकार दोन लाटांच्या बेरजेने बनतो; एक उजवीकडे जाणारी, फ(क्ष − गट) या रूपाची, आणि दुसरी डावीकडे जाणारी, फ(क्ष + गट) अशा रूपाची. येथे ग म्हणजे लाटेचा वेग आणि ट म्हणजे गेलेला काळ. मिरजेत तंबोरे घडतात आणि कोल्हापूरने अल्लादिया खाँसाहेबांची गायकी ऐकलेली आहे. अशा भागात तारेच्या या समीकरणाची ओळख गणिताच्या तासाला एकदा तरी व्हावी, असे मला मनापासून वाटते. या सूत्रात पहिल्यांदा फलाचा संपूर्ण आलेख एक वस्तू म्हणून, आपला आकार न मोडता, प्रवास करताना दिसतो. आणि उजवीकडे जाणाऱ्या लाटेत वजाबाकीचे चिन्ह का, याचे उत्तरही येथेच मिळते.

ते उत्तर कोल्हापूरकरांना पंचगंगेवर अधिक जवळून पाहता येईल. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी घराघरांत विचारली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर बंधाऱ्यावरची पातळी घेतली की पुराचा आलेख तयार होतो. त्याला फ(वेळ) म्हणू. आता समजा की हाच चढउतार नदीच्या खालच्या अंगाला एखाद्या गावी बारा तासांनी जाणवतो. प्रत्यक्षात ओढे-नद्यांचे पाणी, कृष्णेची फूग (तिच्या पुरामुळे मागे तुंबणारे पाणी) आणि नदीचे पात्र यांमुळे आकार बदलतो. पण तूर्त तो बदलत नाही असे धरू. त्या गावात आज रात्री आठला जी पातळी असेल ती बंधाऱ्यावर आज सकाळी आठला होती. म्हणजे गावातली पातळी शोधण्यासाठी आपल्या घड्याळातून बारा तास वजा करून बंधाऱ्याच्या नोंदी पाहाव्या लागतात: फ(वेळ − १२). आलेख मात्र कागदावर उजवीकडे, म्हणजे उशिराच्या बाजूला, सरकलेला दिसतो. घटना उशिरा घडते म्हणून नोंदीत मागे जावे लागते. ‘उलटे चालणारे चिन्ह’ म्हणून जे पाठ करून घेतले जाते, त्यात एवढा सरळ अर्थ आहे.

याच आलेखावर उरलेली रूपांतरणेही करून पाहता येतात. पातळी धोका पातळीपासून मोजायची ठरवली तर प्रत्येक नोंदीतून ४३ वजा होतात आणि आलेख तेवढाच खाली येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, ती या नव्या मापाने १२ फुटांच्या वर दिसेल. फुटांचे मीटर केले तर प्रत्येक उंची ०.३०४८ ने गुणली जाते आणि आलेख उभ्या दिशेने आकसतो. येथे चिन्हाचा किंवा गुणकाचा परिणाम सरळ आहे, कारण बदल फलाच्या उत्तरावर केलेला आहे. पण आडव्या अक्षावर दिवसांऐवजी तास घेतले की आलेख २४ पट ताणला जातो आणि सूत्रात मात्र क्ष ला २४ ने भागावे लागते. पुन्हा तेच कारण: तासांत दिलेली वेळ आधी दिवसांत परत न्यायची, मग जुन्या नोंदीत पाहायचे. कंसाच्या बाहेर केलेला बदल उत्तराला लागू होतो, आत केलेला बदल प्रश्नाला. हे एकदा नीट समजले की स्वतंत्र नियमांची यादी पाठ करण्याचे कारण राहत नाही.

शालेय शिक्षणात आलेख इतक्या उशिरा का आला, याचे उत्तर परीक्षापद्धतीत आहे. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचे गणित म्हणजे अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती. कागल आणि कोल्हापूर येथे शिकलेले व पुढे पुण्यात गणित शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले याच चौकटीत तयार झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तकही त्याच परंपरेतले. चौकटींचा कागद शाळेच्या वर्गात आणण्याचा आग्रह प्रथम धरला तो अभियंत्यांनी. ब्रिटनमध्ये जॉन पेरी यांनी १९०१ मध्ये ग्लासगो येथील सभेत गणिताच्या शिक्षणात बदल मागितला. आलेख काढून, मोजमाप करून शिकावे, हे त्यांच्या मागणीतले एक मुख्य सूत्र होते. जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांच्या पुढाकाराने १९०५ च्या मेरान आराखड्याने फलाची कल्पना शालेय गणिताच्या केंद्रस्थानी ठेवली. याच क्लाइन यांनी १८७२ मध्ये भूमितीची व्याख्याच रूपांतरणांच्या आधारे केली होती, हा योगायोग खासच नव्हे.

दरम्यान फलाची व्याख्याही रुंदावत गेली होती. १८३७ मध्ये डिरिक्ले यांनी सूत्राचे बंधन सैल केले: क्षच्या प्रत्येक किमतीला यची एक निश्चित किंमत मिळत असेल तर ते फल, मग त्याला एकच सूत्र असो वा नसो. फल ही स्वतंत्र वस्तू झाल्यावर तिच्यावर क्रिया करणे, तिला सरकवणे, ताणणे, उलटवणे हे विचारात सहज बसू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अभ्यासक्रम-सुधारणांनंतर ‘आलेखांचे रूपांतरण’ पाठ्यपुस्तकांत या नव्या अर्थाने स्थिरावले. जुनी परंपरा मात्र संपली नाही. अक्ष बदलले तरी निसर्गाचा नियम बदलत नाही, या विचारावर सापेक्षतासिद्धान्त उभा आहे, आणि त्या सिद्धान्तावर आयुष्यभर काम केलेले विष्णु वासुदेव नारळीकर हे कोल्हापुरात जन्मलेले गणिती होते.

आज आपल्या राज्यात अकरावीच्या सरळ रेषेच्या धड्यात आरंभबिंदू हलवणे येते आणि फलांचा धडा वेगळा, पुढच्या भागात असतो. पहिल्यात अक्ष हलतात, दुसऱ्यात आलेख. दोन्हींचे सूत्र मात्र तेच क्ष − ह; येथे ह म्हणजे जितके सरकवायचे ते अंतर. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले याच सुमारास इंग्रजी पाठ्यपुस्तकाकडे वळत असल्याने अडचण दुणावते. बालभारतीच्या पुस्तकांनी जिओजेब्रा हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर वापरण्याचे सुचवले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यातली ह ची किंमत बदलणारी पट्टी सरकवली की अन्वस्त पडद्यावर डोळ्यांदेखत उजवीकडे जातो. पण तो का जातो, हे पडदा सांगत नाही. त्यासाठी आधी कागदावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात वेळ, दुसऱ्यात बंधाऱ्याची पातळी, तिसऱ्यात बारा तास उशिराने पूर येणाऱ्या गावाची पातळी. तिसरा रकाना भरताना प्रत्येक ओळीला मागची ओळ शोधावी लागते, आणि पट्टी सरकवण्याचे काम त्यानंतर सुरू करता येते.