हल्लीच्या मुलांना खरंच धीर नाही का?

टेबलावर एक मार्शमॅलो, म्हणजे पांढरी, मऊ, साखरेची मिठाई. समोर चार वर्षांचं मूल. "आत्ता खाल्लंस तर एकच. मी येईपर्यंत थांबलास तर दोन," असं सांगून बाई दार लावून जातात. मग कुणी डोळ्यांवर हात घेतं, कुणी गाणं म्हणतं, कुणी चक्क झोपायचा प्रयत्न करतं. मन आवरण्याची ताकद मोजणारा हा प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केला.

आजची मुलं यात किती टिकतील? स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना हे विचारलं, तेव्हा ७२ टक्के म्हणाले, पूर्वीपेक्षा कमी. प्रत्यक्षात उलटंच होतं. २००० नंतरची मुलं १९६० च्या दशकातल्या मुलांपेक्षा सरासरी दोन मिनिटं जास्त थांबली होती. चार वर्षांच्या पोरासाठी, तेही समोर गोड ठेवलेलं असताना, दोन मिनिटं ही थोडीथोडकी नाहीत! आता बालवाडीत लवकर जाणारी मुलं वाढली, हे एक कारण असू शकेल असं संशोधक म्हणतात. हा अभ्यास प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये.

ही मुलं टीव्ही-कॉम्प्युटरच्या काळातली. स्मार्टफोन तेव्हा नुकता येत होता. मग मोबाइल आणि सोशल मीडियाचं काय? एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. त्यांच्या मनःस्वास्थ्यात एकमेकांत जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जुळत होता. अर्थात ही गोळाबेरीज आहे. रात्री दोनपर्यंत फोन घेऊन जागणाऱ्या एखाद्या मुलीचा त्रास या गोळाबेरजेत दिसणार नाही, आणि तो त्रास खराच असतो. पण म्हणून "अख्खी पिढी वाया गेली" हे विधान काही खरं ठरत नाही.

तरीही "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या जात नाही. का?

जॉन प्रोत्झ्को आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये याचा छडा लावायचा प्रयत्न केला, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच काम. त्यांना आढळलं की भरपूर वाचणाऱ्यांना मुलांचं वाचन घटल्यासारखं जास्त वाटतं, आणि वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये असं मानणाऱ्यांना मुलं उद्धट झाल्यासारखी जास्त वाटतात. म्हणजे ज्यात आपण स्वतः पुढे, नेमकी तिथेच मुलं मागे दिसतात. शिवाय लहानपणीचे सवंगडी आठवताना आपण नकळत आजचा 'मी' त्यांच्यावर चढवतो. आज मी वाचतो, म्हणून तेव्हा सगळेच वाचायचे असं वाटतं. वर्गातली पुस्तकाला हातही न लावणारी पोरं आठवणीतून गळून जातात.

हे पडताळायला त्यांनी लोकांची वाचनाची चाचणी घेतली आणि काहींना मुद्दाम खोटाच निकाल सांगितला: तुम्ही फार खाली आहात. या लोकांना आपल्या लहानपणीची मुलंही तेवढी वाचणारी आठवेनात. आणि आजच्या मुलांबद्दलची त्यांची तक्रारही सौम्य झाली.