९१६ चा शिक्का आहे म्हणून पोकळ बांगडी टिकेलच असं नाही

"हॉलमार्क आहे ना, मग पोकळ काय नि भरीव काय, सोनं ते सोनंच" हे लग्नसराईत हमखास ऐकू येतं, पण ते अर्धंच खरंय. शिक्का फक्त शुद्धता सांगतो, म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं आणि बाकी तांबं-चांदी वगैरे. पत्रा किती पातळ आहे याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

९१६ म्हणजेच २२ कॅरेट सोनं मुळातच मऊ, त्यात आतून आधार नाही, त्यामुळे बांगडी कुठे जोरात आपटली की पोचा पडतो आणि तो काढणं अवघड, कारण आतून ठोकायला जागाच नसते. तुटली तर डाख लावताना पातळ पत्रा वितळून भोक पडायची भीती, म्हणून बरेच सोनार असलं काम घ्यायलाच कां-कूं करतात. चेनचं तर अजून वाईट, कड्या एकमेकींवर घासतात तिथेच झिजतात, भरीव कडी वर्षानुवर्षं तग धरते आणि पोकळ कडीचा पत्रा झिजून आरपार होतो. शिवाय फटीतून घाम, साबण आत जातो तो वेगळाच.

आतून लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेल्या ठुशीला, पाटल्यांना थोडा आधार मिळतो खरा, पण लाख उष्णतेने पघळते, आणि बिलात लाखेचं वजन वजा केलंय का ते बघाच.

झुमके मात्र पोकळच बरे, भरीव घातले तर कान ओघळतील! रोजच्या वापराला तेवढं पोकळ नको.