दाढ एक, पण नळ्या किती?

दाढ दुखतेय म्हटलं की आपल्या खान्देशात कोणीतरी सांगतंच, "रूट कॅनलच्या नादी लागू नको भाऊ, पैसे जातात नि परत ठणकते, त्यापेक्षा उपटी टाक." परत ठणकते हे काही वेळा खरंय, पण त्यामागं बऱ्याचदा एक साधं कारण असतं, दाताच्या मुळातली एखादी नळी, म्हणजे जिच्यात नस असते आणि रूट कॅनलमध्ये जी साफ करून भरतात ती, सापडलीच नाही किंवा सापडून पूर्ण साफ झाली नाही. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन पण नळ्या बहुतेकदा चार, नि ती चौथी डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाच्या, थराखाली अशी दडलेली असते की मायक्रोस्कोपशिवाय सापडणं अवघड.

पण खरी कमाल खालच्या दुसऱ्या दाढेत. जबड्याच्या आत दाढेचा वरचा भाग तयार झाला की त्याच्या कडेपासून पेशींची एक पातळ बाही खाली वाढायला लागते, तिला हर्टविगचं आवरण म्हणतात. मूळ कुठं नि कसं बनायचं हे ती ठरवते, तिच्या आतल्या अंगाला डेंटिन साचत जातं. या बाहीच्या खालच्या तोंडाशी गालाकडून नि जिभेकडून एकेक पदर आत सरकतो, दोन्ही मधोमध जुळले की दोन वेगळी मुळं होतात. एका बाजूचा पदर पोचलाच नाही तर मुळं त्या बाजूला चिकटलेलीच राहतात आणि आत दोन-तीन गोल नळ्यांऐवजी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली एक सपाट फट उरते. रूट कॅनलच्या अभ्यासात अशा दाढांचं वर्णन १९७९ मध्ये झालं, चीन-कोरियाकडच्या लोकांत हे जास्त दिसतं पण आपल्याकडंही सापडतं.

आता अडचण अशी की डॉक्टरची फाईल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सुई, गोल फिरते नि फट चपटी, म्हणजे कोपऱ्यात मेलेली नस नि जिवाणू तसेच राहतात. तिथं खरं काम सोडियम हायपोक्लोराइट हे नळी धुवायचं द्रावण करतं, ते मेलेलं मांस विरघळवतं, आणि अल्ट्रासॉनिकनं, म्हणजे अतिवेगवान कंपनांनी, हलवलं की जिथं फाईल जात नाही तिथंही पोचतं. मग गरम करून मऊ केलेला गटापर्चा, म्हणजे नळीत भरायचा रबरासारखा पदार्थ, दाबून भरतात, त्याच्याच थंड काड्यांनी ती फट नीट भरत नाही.

आठवडे बाजारात धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणाऱ्यांकडं अजूनही लोक जातात याचं फार वाईट वाटतं. दातात अळी नसतेच हो, साखरेपासून आम्ल बनवणारे जिवाणू असतात, ते धुरानं बाहेर येत नाहीत.

रूट कॅनल केलेली दाढ परत दुखली तर उपटायच्या आधी डॉक्टरला विचारा, नळी राहिली असेल का, थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढायचा का? राहिलेली नळी सापडली तर तीच दाढ पुन्हा साफ करून बऱ्याचदा वाचवता येते.