बारा व्होल्टांचा वारसा

बारा व्होल्टचं म्हणून आणलेलं सोलर पॅनेल उन्हात ठेवून त्याला मीटर लावला, तर तो 21 दाखवतो. मी घाबरून दुकानदाराला फोन केला होता. "बरोबर आहे ते काका, बारा म्हणजे बाराच्या बॅटरीसाठी," तो म्हणाला. असं का, ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

त्याचं कारण मोटारगाडीत आहे. शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये तयार केली. तिचं एक घर दोन व्होल्टांचं. मोटारींना आधी तीन घरांची, सहा व्होल्टांची बॅटरी असे. इंजिनं मोठी झाली तशी 1950 च्या दशकात ती सहा घरांची, बारा व्होल्टांची झाली. त्याच दशकात, 1954 मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅबने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला. उन्हाच्या सुमारे 6 टक्के ऊर्जेची तो वीज करायचा. पुढे ही वीज घरात साठवायची वेळ आली तेव्हा कोणत्याही गावात मिळेल अशी बॅटरी होती ती मोटारीचीच. एक सेल काम करताना जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. बॅटरी पूर्ण भरायला साडेचौदा व्होल्ट लागतात, तापलेल्या पॅनेलचं व्होल्टेज थोडं उतरतं, वायरीतही काही जातं. हे सगळं धरून 36 सेल सिरीजमध्ये जोडले: काम करताना 18 व्होल्ट, नुसतं उन्हात ठेवलं तर 21.

कोकणातली गोष्टही बॅटरीपासूनच सुरू होते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरवून साठच्या दशकात वीजनिर्मिती सुरू झाली. गुहागरजवळ अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प 1999 मध्ये चालू झाला आणि 2001 मध्ये बंदही पडला. वीज इथे जन्मायची आणि घाट चढून जायची. आमच्या वाडीत तार पोचायच्या आधी ट्रकची जुनी बॅटरी पोचली होती. तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालायचा आणि ती उतरली की बाजाराच्या गावी नेऊन चार्ज करून आणायची. तार आली, तिच्या मागोमाग लोडशेडिंग आलं. मग ज्याच्या-त्याच्या पडवीत इन्व्हर्टर आणि 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. आजही घरी सोलर बसवायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तोच डबा येतो.

इकडे पॅनेल मात्र बॅटरीला सोडून गेलं. जर्मनीने 2000 मध्ये कायदा करून छतावरच्या विजेला ठरावीक दर दिला आणि पॅनेलं बॅटरीसाठी नव्हे, थेट ग्रिडसाठी, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्यासाठी, बनू लागली. ग्रिडच्या इन्व्हर्टरला बाराशी देणंघेणं नसतं. 60 सेलची, 72 सेलची, आता 144 अर्ध्या सेलची पॅनेलं आली. आज दुकानात सहज मिळणारं 540 वॉटचं पॅनेल काम करताना सुमारे 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर देतं. ते सव्वादोन मीटर लांब आणि सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं असतं, म्हणजे कौलांवर चढवायला चार माणसं हवीत.

फसगत होते ती इथेच, आणि माझीही झाली. बागेतल्या मांगरात बारा व्होल्टची बॅटरी होती. तिला हे नवं पॅनेल जोडलं, मधे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा एक स्वस्त कंट्रोलर, त्यावर ठळक अक्षरांत 'एमपीपीटी' लिहिलेलं. आत होता साधा पीडब्ल्यूएम. पीडब्ल्यूएम म्हणजे नुसतं उघडझाप करणारं दार: पॅनेलला तो बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो. 13 अँपिअर गुणिले 13 व्होल्ट, म्हणजे जेमतेम 170 वॉट. बाकीचे 370 पॅनेलमधून बाहेरच पडत नव्हते. खरा एमपीपीटी जादा व्होल्टेजचं जादा करंटमध्ये रूपांतर करतो. डब्याचं वजन आणि आतली जाड तांब्याची कॉइल यांवरून तो बराचसा ओळखू येतो, स्टिकरवरून नाही. 36 सेलचं जुनं पॅनेल आणि बारा व्होल्टची बॅटरी यांना पीडब्ल्यूएम पुरायचा, कारण ती दोघं एकमेकांसाठीच घडवलेली होती.

बॅटरीतही असंच स्थित्यंतर झालं. जॉन गुडइनफ या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात लोह-फॉस्फेटची लिथियम रचना पुढे आली. दुकानात तिला एलएफपी म्हणतात. चीनमधल्या बसगाड्यांनी तिला मोठी बाजारपेठ दिली आणि मग ती घरापर्यंत उतरली. तिचा सेल 3.2 व्होल्टांचा, चार जोडले की 12.8. हा आकडा बाराच्या इतका जवळ पडला की मोटारीचा वारसा शिसं गेलं तरी चालू राहिला.

कोकणात मला तिचं महत्त्व वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. इथली कित्येक घरं वर्षातून दोनदा उघडतात, शिमग्याला आणि गणपतीला. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, टर्मिनलला कळंक चढतो. चाकरमानी दार उघडतो तेव्हा ती मेलेली असते. एलएफपीला अर्धवट भरून ठेवलेलंच मानवतं. मात्र इन्व्हर्टर बंद करून, मुख्य ब्रेकर पाडूनच कुलूप लावावं, नाहीतर इन्व्हर्टर नुसता जागा राहूनही तिला पिऊन टाकतो.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ज्यांच्या छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर शाबूत होतं, त्यांच्याकडेही अंधारच. तारेत वीज नसेल तर असा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसता कामा नये. त्यानंतर ऑफ-ग्रिड, म्हणजे तारेवर अवलंबून नसलेलं सोलर, हा शब्द इथे हौशी लोकांच्या बाहेर ऐकू येऊ लागला. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॉटला 78,000 रुपये, फक्त ग्रिडला जोडलेल्या सोलरला आहे. बॅटरीवाल्याने खर्च आपलाच धरावा.

आणि हिशेब गणपतीचा धरावा. मेमधलं ऊन पाहून पॅनेल घेणारा भाद्रपदात मेणबत्ती शोधतो. सहा एलईडी, तीन बीएलडीसी पंखे (साधा पंखा 75 वॉट खातो, हा 30), टीव्ही, फोन, खोबरं वाटायला मिक्सर, असा दिवसाला दीड युनिट खर्च होतो. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची एलएफपी म्हणजे पाच युनिट, तीन काळे दिवस निघतात. पूर्वी पॅनेल महाग होतं. तेव्हा पॅनेल मोजूनमापून घ्यायचं आणि बॅटरी मोठी ठेवायची, हीच रीत होती. जुने मिस्त्री अजून त्याच रीतीने सांगतात. आता पॅनेलच बॅटरीपेक्षा स्वस्त आहे. 540 ची चार लावली, तर दिवसभरात तासाभराच्या कडक उन्हाएवढाच उजेड मिळाला तरी घर जवळजवळ निभावतं.

51.2 व्होल्टांच्या या बॅटरीला बाजारात 48 चीच म्हणतात. बाराऐवजी 48 व्होल्टांचा आग्रह वायरीसाठी. एक किलोवॉट बारा व्होल्टांवर न्यायचा तर 83 अँपिअर, 48 वर 21. खाऱ्या हवेत जोड सैल आणि गंजका होणार हे धरूनच चालावं लागतं, आणि 83 अँपिअरचा सैल जोड आग लावतो. ब्रेकर डीसीचाच हवा: एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते; डीसीला तो विसावा नाही.

उरलं लोखंड. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर बोल्ट 316 नंबरच्या स्टेनलेसचे घ्या. 304 वर दोन पावसाळ्यांत तांबूस डाग येतात. अर्थिंगचा रॉड कातळात जात नाही, आणि गेला तरी जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. आम्ही शेवटी तो विहिरीच्या वाटेवरच्या ओल्या मातीत, केळीच्या बुडाशी उतरवला. तिथे न्हाणीचं पाणी बारमाही जातं.