परदेशी पगार, बेळगावचं घर : दिवसांच्या हिशेबामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अनेक मुलं आखातात किंवा युरोपात नोकरीला आहेत. गणपतीला घरी येतात आणि रजा संपली तरी लॅपटॉपवर इथूनच काम चालू ठेवतात. सीमाभागात कर्नाटक की महाराष्ट्र, हा फरक व्यवसाय कराला लागतो. प्राप्तिकर केंद्राचा, त्यामुळे खानापूर आणि चंदगडला नियम एकच.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्याने रहिवास, म्हणजे जगभरच्या कमाईवर इथे कर लागायचा की अनिवासी म्हणून फक्त भारतातल्या, हे दिवसांवर ठरवलं : आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस, किंवा ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या आणि भेटीला येणाऱ्या नागरिकांसाठी ६०चे पुढे १८२ झाले.

खरा गोंधळ २०२०चा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात भेटीला येणाऱ्यांची मर्यादा १२० दिवसांवर आणायचं ठरलं. शिवाय, ज्या भारतीय नागरिकाला कुठल्याच देशात रहिवासी म्हणून कर लागत नाही, तो भारताचा रहिवासी मानायचा, असंही कलम आलं. आखातात पगारावर कर नाही, म्हणजे घाव थेट तिथल्या नोकरदारांवर. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला की त्यांची तिथली कमाई करात ओढायची नाही. अंतिम कायद्यात १५ लाखांची अट आली : परदेशी स्रोत वगळून उत्पन्न त्याहून जास्त असेल तरच ही दोन्ही कलमं लागतात. तेव्हाही त्या माणसाच्या परदेशातल्या पगारावर इथे कर बसत नाही. ही अट मूळ मसुद्यातच हवी होती; ती नव्हती, म्हणून १२०चा धसका अजून घरोघरी आहे.

या धसक्यात महत्त्वाची गोष्ट मागे पडली. पगार कुठल्या खात्यात येतो यापेक्षा काम कुठे बसून केलं, हे कायदा आधी पाहतो. अनिवासी माणसाने बेळगावात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातलं उत्पन्न ठरतो, मग कंपनी दुबईची असो की जर्मनीची. दुहेरी कर टाळण्याच्या करारात थोड्या मुक्कामाला सूट मिळू शकते, पण तिच्या अटी देशागणिक तपासाव्या लागतात. आणि हाच पगार १५ लाखांच्या मोजणीतही येऊ शकतो.

दिवसांचा आणि इथून केलेल्या कामाचा हा प्रश्न कोरोनात उघड झाला. भारतात अडकलेल्यांचे २२ मार्च २०२०पासून त्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंतचे दिवस मोजणीतून सोडून दिले गेले. पुढच्या वर्षासाठी तशी सरसकट सूट मिळाली नाही, आणि घरून काम खरं वाढलं ते त्याच वर्षी. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात दिवसांचे आकडे तेच आहेत.