धक्क्यावरचे बोलार्ड : पार्श्वभूमी

धक्क्याला लागलेले जहाज ज्या बुटक्या खांबांना दोरांनी बांधतात, त्या बोलार्डविषयी लिहिताना बहुधा त्यांच्या आकाराचीच चर्चा होते; माझ्या मते मात्र त्यांचा इतिहास हा प्रामुख्याने पायाचा, म्हणजे खांब ज्यात रोवला आहे त्या बांधकामाचा, इतिहास आहे.

रोमन काळात इटलीतील अक्विलेया आणि लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे दोर ओवण्यासाठी भोके पाडलेले दगड धक्क्याच्या बांधकामातच बसवलेले होते आणि ते आजही तेथे पाहता येतात. शिडाच्या जहाजांवरील लाकडी खुंटेही डेकवर नुसते ठोकलेले नसत, तर डेकमधून खाली नेऊन आतल्या तुळयांना जखडलेले असत. पुढे युरोपातील बंदरांत निकामी तोफा तोंड वर करून अर्ध्याअधिक जमिनीत पुरल्या जाऊ लागल्या. तोफेचे ओतीव लोखंड जड आणि टिकाऊ होते, शिवाय तिची लांबी खोल रोवण्यास सोयीची होती. म्हणूनच नंतर मुद्दाम ओतलेल्या लोखंडी खांबांनीही तोच घाट उचलला.

दोराचे काही वेढे एवढा भार पेलतात याचे कारण घर्षण होय. घर्षणाचा गुणांक 0.25 धरला, तर तीन पूर्ण वेढ्यांनंतर सैल टोकाला लावलेल्या जोराच्या शंभरपटीहून अधिक ताण रोखता येतो. त्यामुळेच एकटा खलाशीही दोर हळूहळू सोडत जहाजाचा वेग मोडू शकत असे.

वाफेच्या आणि लोखंडी जहाजांबरोबर भार वाढले. मुंबईत ससून डॉक 1875 मध्ये, प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, 1914 मध्ये सुरू झाला. येथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. उघड्या धक्क्यावर बांधलेल्या जहाजाचे दोर त्यामुळे सतत सैल किंवा ताठ करावे लागतात. दरवाजे लावून पाणी अडवणाऱ्या गोदीत हा त्रास बराच कमी होतो.

आजच्या सुमारे 400 मीटर लांबीच्या कंटेनर जहाजांवर वाऱ्याचा जोर इतका येतो की मोठ्या धक्क्यांवर 100 ते 200 टन क्षमतेचे बोलार्ड बसवावे लागतात. काँक्रीटमध्ये रुतलेले त्यांचे बोल्ट बहुधा असे आखले जातात, की अतिरिक्त ताण आल्यास आधी ते तुटावेत आणि धक्का शाबूत राहावा. साहजिकच जुन्या धक्क्याला मोठे जहाज लावायचे ठरले, की केवळ नवा खांब बसवून भागत नाही, तर मागची भिंतही तपासावी लागते.