विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि धारेवरून गणन

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधला दाब (व्होल्टेज) आणि त्यातून वाहणारी धारा मोजली, की त्याचा रोध (धारेला होणारा विरोध) आणि तो वापरत असलेली शक्ती दोन्ही काढता येतात. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये व धारा अँपिअरमध्ये घेतल्यास उत्तरे ओहम आणि वॉटमध्ये येतात. मिलिअँपिअरमधले वाचन तसेच वापरले, तर उत्तर हजार पटींनी चुकते.

गुणाकारातून शक्ती का मिळते, हे एककांवरूनच उलगडते. व्होल्ट म्हणजे दर कूलोम विद्युत् प्रभारामागे खर्च होणारे ज्यूल (ऊर्जेचे एकक), तर अँपिअर म्हणजे दर सेकंदाला वाहणारे कूलोम. गुणताना कूलोम निघून जातो आणि दर सेकंदाचे ज्यूल, म्हणजेच वॉट, उरतात.

दाब व धारा यांचे समप्रमाण जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी 1827 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या काळातील विद्युत् घटांचा दाब वापरताना ढळत असे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ यांची तपयुग्मे (दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवून दाब देणारी जोडणी) वापरली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. प्रयोगाचे खरे यश या स्थिर दाबात आहे. पुढे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे दाखवले.

230 व्होल्टवर 5 अँपिअर धारा घेणाऱ्या हीटरचा रोध 46 ओहम आणि शक्ती 1150 वॉट. रोध तोच धरून दाब निम्मा केला, तर धाराही निम्मी होते आणि शक्ती 287.5 वॉटवर, म्हणजे चौथाईवर येते.

‘रोध तोच धरून’ ही अट मात्र फार महत्त्वाची आहे. 230 व्होल्टचा 60 वॉटचा तारेचा दिवा जळताना सुमारे 0.26 अँपिअर धारा घेतो. त्यावरून रोध सुमारे 880 ओहम निघतो. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मल्टिमीटरने तपासला, तर याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी रोध दिसतो. दोन्ही वाचने बरोबर आहेत. तापलेल्या टंगस्टनचा रोध वाढलेला असतो, एवढेच. बटण दाबताक्षणी म्हणूनच धारेचा मोठा लोंढा येतो आणि जुने दिवे बहुधा त्याच वेळी उडतात. एलईडीच्या बाबतीत तर भागाकारातून येणारा आकडा फक्त त्या क्षणापुरताच असतो. 3 व्होल्ट व 20 मिलिअँपिअरवर तो 150 ओहम येतो, पण धारा कमी केली की वाढतो. शक्तीचा गुणाकार मात्र तिथेही चुकत नाही : 0.06 वॉट.

प्रत्यावर्ती धारेवर (एसी) चालणाऱ्या मोटरमध्ये दाब व धारा एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत. त्यामुळे 230 व्होल्ट व 2 अँपिअर यांचा गुणाकार 460 व्होल्ट-अँपिअर ही आभासी शक्ती देतो, शक्तिगुणक (खऱ्या व आभासी शक्तींचे गुणोत्तर) 0.8 असल्यास खरी शक्ती 368 वॉट असते. भागाकारातूनही इथे रोध नव्हे, तर संरोध (प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध) मिळतो.

मोजताना व्होल्टमापक घटकाला समांतर व अँपिअरमापक एकसरीत जोडतात. रोध अगदी लहान असेल, तर व्होल्टमापकाच्या तारा थेट घटकाच्या टोकांना लावाव्यात, नाहीतर अँपिअरमापकाचा व जोडतारांचा रोधही हिशेबात येतो. रोध फार मोठा असेल, तर अँपिअरमापक व्होल्टमापकाच्या जोडणीच्या आत, घटकालगत ठेवावा. तसे न केल्यास व्होल्टमापकाने स्वतः ओढलेली धारा घटकाच्या नावावर मोजली जाते.